याला कुठं बघितलंय का?

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. जुना म्हटलं तरी माझं वय अडीच वर्षंच आहे. पण एवढ्या काळात मी इतक्या हातांतून गेलो, की माझ्या कोपऱ्यांवरचं प्लास्टिक सुटलं आहे आणि डाव्या गालावरून एक पांढरी घडी गेली आहे. माणसं म्हातारी व्हायला साठ-सत्तर वर्षं घेतात. मला तेवढा वेळ मिळाला नाही.

माझ्यात जो दिसतो त्याचं नाव प्रणीत. प्रणीत दयानंद चौगुले. त्याचे आईवडील निपाणीजवळच्या एका खेड्यातले. तीस वर्षांपूर्वी ते बेंगळुरूला आले आणि येलहंक्यात राहिले. दयानंद एका कारखान्यात लेथवर काम करायचे. महानंदा घरी ब्लाउज शिवायची. निपाणीकडच्या बायका बोलतात तसं ती 'मी येतो, मी जातो' असं बोलायची, आणि शेजारच्या कन्नड बायकांशी त्यांच्यासारखंच कन्नड. प्रणीत हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो हेब्बाळच्या एका ऑफिसात दिवसभर हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायचा. एक दिवस कंपनीनं तो विभागच बंद केला. पुढे आठ महिने तो घरी बसून होता. जेवताना ताटातून मान वर करायचा नाही, असं महानंदा नंतर सगळ्यांना सांगायची.

मग व्हाइटफील्डमधल्या एका एजंटाचा फोन आला. बँकॉकमध्ये काम आहे, कॉम्प्युटरवर टायपिंग करायचं, राहायची सोय आहे. फोटो हवा होता, पांढऱ्या पडद्यावरचा. दयानंदांनी स्वतः इस्त्री केलेला निळा शर्ट घालून प्रणीत येलहंक्याच्या जुन्या गावातल्या महांतेश अण्णांच्या स्टुडिओत आला.

"स्वल्प नगप्पा," महांतेश अण्णा म्हणाले. म्हणजे जरा हस रे बाबा. प्रणीतला हसू येईना. "अरे, विमानात बसायला निघालास आणि तोंड बघ, दातांच्या डॉक्टरकडं आल्यासारखं!" तो हसला, आणि तेवढ्यात त्यांनी बटण दाबलं. असा माझा जन्म झाला. हसू खरं होतं. त्यामुळे मी छान आलो. महांतेश अण्णांनी मला कॉम्प्युटरवर बघून स्वतःशीच मान हलवली आणि माझी एक प्रत तिथल्या तिथं एजंटाला पाठवून दिली.

प्रणीत गेला. पहिले दोन महिने रोज फोन यायचा, मग फक्त रविवारी, आणि मग तोही तुटक. "आई, मी बरा आहे. इथं फोन वापरू देत नाहीत जास्त." गणपतीच्या आदल्या आठवड्यात त्याचा शेवटचा फोन आला. "जेवलीस काय?" एवढंच त्यानं विचारलं, आणि ती उत्तर द्यायच्या आत फोन बंद झाला. व्हाइटफील्डमधल्या एजंटाच्या ऑफिसला कुलूप होतं. पुढच्या महिन्यात तिथं केकचं दुकान निघालं. तिथंच चौकशी करायला आलेल्या दुसऱ्या एका बापानं दयानंदांना खरं काय ते सांगितलं. मुलांना बँकॉकला उतरवतात, गाडीत घालून सरहद्दीवर नेतात आणि नदीपलीकडच्या एका बंदिस्त वसाहतीत कोंडतात. तिथं फोनवरून आणि कॉम्प्युटरवरून लोकांना फसवायचं काम करावं लागतं. जो नाही म्हणेल त्याला मारतात.

दुसऱ्या दिवशी महानंदा स्टुडिओत आली. "अण्णा, त्याचा तो फोटो आहे काय? मोठा करून द्या. हातात धरून दाखवता येईल एवढा." तेव्हा मी पहिल्यांदा कागदावर उतरलो. महांतेश अण्णांनी मला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकमध्ये बंद केलं. "पावसापाण्यात न्यायचाय," ते म्हणाले, आणि तिच्याकडे न बघताच मला तिच्या हातात दिलं.

आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात हरवल्याची तक्रार लिहून घेतली. तिथला माणूस वाईट नव्हता. "अक्का, परदेशातलं आम्ही काय करणार, सांगा," तो म्हणाला. तिथून बाहेर पडल्यावर रिक्षात महानंदा नवऱ्याला म्हणाली, "मग आपणच जाऊया की."

दोघं आयुष्यात कधी विमानात बसले नव्हते. बॅगा घेऊन निघाले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी हसून विचारलं, "फॉरेन टूर काय?" दयानंद म्हणाले, "हो, हो. मुलाला भेटून येतो."

मित्रांनो, ते दोघं थायलंडमध्ये सात आठवडे राहिले. बँकॉकच्या भारतीय वकिलातीत एका अधिकाऱ्यानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं, आणि ती जागा सरहद्दीपलीकडे आहे, तिथं कोणाचंच चालत नाही, हेही सांगून टाकलं. मग ते बसनं सरहद्दीवरच्या गावात गेले. बाजारात एक फळवाली होती. तिनं महानंदाला त्यांच्या भाषेतलं एक वाक्य शिकवलं, "हेन खोन नी माय?" याला पाहिलंय का? ते वाक्य महानंदानं वहीत मराठी अक्षरांत लिहून ठेवलं आणि पाठ केलं. भाजीवाले, रिक्षावाले, देवळातले भिक्खू, कपडे धुणाऱ्या बायका, सगळ्यांसमोर ती मला धरायची आणि ते वाक्य म्हणायची. लोक मला हातात घ्यायचे, बघायचे, हसायचे. मी हसरा होतो ना! मग मान हलवून मला परत करायचे. फळवाली रोज पेरूच्या फोडी कागदात बांधून द्यायची आणि मला एका बोटानं हळूच स्पर्श करायची.

नदी अगदी लहान होती. पलीकडे उंच इमारती दिसायच्या. प्रत्येक बाल्कनीला गज होते आणि गजांवर कपडे वाळत असायचे.

"एवढीशी नदी," दयानंद म्हणाले. "आपल्या दूधगंगेपेक्षा लहान."

महानंदानं मला दोन्ही हातांत धरून त्या इमारतींकडे तोंड करून उंच केलं. रोज सकाळी ती तसं करायची. एवढ्या लांबून मी कोणाला दिसणार होतो? पण तिला ते सांगायची हिंमत दयानंदांना झाली नाही. एक सैनिक यायचा, हातानं 'मागे व्हा' अशी खूण करायचा, आणि ती दोन पावलं मागे सरून पुन्हा मला उंच धरायची.

एक दिवस बातमी आली की काही मुलं सुटली आहेत. दोन बस भरून मुलं नदीच्या अलीकडे आली आणि त्यांना सैनिकांच्या एका आवारात ठेवलं. दोन दिवस महानंदा त्या आवाराच्या फाटकाशी उभी होती. प्रत्येक चेहरा ती आधी बघायची, मग मला बघायची, आणि पुन्हा त्या चेहऱ्याकडे. जणू तिला स्वतःचाच भरवसा राहिला नव्हता. प्रणीत त्यांत नव्हता. तिथं सुटलेल्या मुलांची नोंद करणाऱ्या एका बाईंनी तिला भारतात परतलेल्या काही मुलांची गावं लिहून दिली. पलीकडे अडकलेल्या काही मुलांच्या घरांचे पत्तेही त्यातच होते. "त्यांना विचारून बघा," त्या म्हणाल्या.

मग सुरू झाला देशातला प्रवास. गोरखपूर, चुरू, सुरत, पुन्हा उत्तरेत कुठंतरी एक खेडं. दयानंदांना मधुमेह होता. इन्सुलिन थर्मासात बर्फ घालून न्यायचं आणि प्रत्येक मोठ्या स्टेशनवर बर्फ बदलून घ्यायचा, हे काम त्यांचं. मी महानंदाच्या पर्समध्ये, छातीशी. काही घरांत त्यांना चहा मिळाला. काही घरांतली मुलं समोर आलीच नाहीत. एका आईनं दारातूनच सांगितलं, "हमारा लड़का अब किसी से नहीं मिलेगा." एका मुलानं मला हातात घेतलं तेव्हा त्याच्या मनगटावर काळे वळ दिसले. त्यानं मला खूप वेळ बघितलं, पण तो प्रणीतला ओळखत नव्हता. त्याच्या इमारतीत सहाशे माणसं होती, आणि तशा कितीतरी इमारती.

इचलकरंजीत कृष्णात नावाचा मुलगा भेटला. सुटून आल्यावर तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. महानंदानं ती गावांची यादी आणि मला काउंटरवर ठेवलं. बाकीचे लोक मला बघून मान हलवायला वेळ घ्यायचे. यानं लगेच नजर काढली.

"नाही. ओळखत नाही."

"नीट बघा की बाळा."

"बघितलं काकू. नाही ओळखत."

ते दोघं बसस्टँडवर आले. बस यायला वेळ होता. कृष्णात मागून धावत आला, आणि धापा टाकत दयानंदांना म्हणाला, "काका, तुमच्या यादीत आंध्रातलं एक गाव आहे. अनकापल्लीकडचं. तिथं जाऊ नका. गेलात तर हा फोटो काढू नका."

"का?"

"काढू नका एवढंच सांगतो. तो जिवंत होता, मी बघितला तेव्हा. माझ्यापेक्षा बरा होता." आणि तो वळून गेलासुद्धा. दयानंदांनी हाक मारली, पण तो थांबला नाही.

जिवंत होता! वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी तसं म्हणालं होतं. मित्रांनो, तुम्हीच सांगा, असं ऐकल्यावर कुठली आई तिथं जाणार नाही?

अनकापल्लीजवळच्या त्या गावात एका लहान घरात सत्यवती नावाची म्हातारी आणि तिची सून पवित्रा राहत होत्या. पवित्राचा नवरा वंशी अजून पलीकडेच होता. पवित्रा मूळची बळ्ळारीकडची. कन्नड ऐकून तिला माहेरचं कोणी आल्यासारखं झालं. तिनं चटई घातली, ताक आणलं. दोघी दुःखाचं बोलल्या, एकमेकींचा हात धरून बोलल्या. मग महानंदानं पर्स उघडली. दयानंदांनी तिचा दंड धरला. "राहूदे," ते हळूच म्हणाले. तिनं ऐकलं नाही.

पवित्रानं मला बघितलं आणि तिच्या हातातला पेला खाली आला.

ती उठली. आत गेली, फोन घेऊन आली आणि महानंदासमोर धरला. फोनवर मी होतो. तोच निळा शर्ट, तोच पांढरा पडदा, तेच हसू. एजंटाला गेलेली माझी प्रत. माझ्याखाली नाव मात्र वेगळं होतं आणि पुढे लिहिलं होतं, मॅनेजर.

"यानं नेलं माझ्या नवऱ्याला," पवित्रा म्हणाली. "माणूस चांगला दिसतो, म्हणून आम्ही विश्वास ठेवला. मीच म्हटलं, जा म्हणून."

"फोटो चोरला असेल कुणीतरी," दयानंद म्हणाले. "आमचा मुलगा असं करणार नाही."

पवित्रानं फोनवर बोट टेकवलं. आवाज आला. "टेंशन मत लो भाई. मैं खुद यहीं काम करता हूँ. घर जैसा है. आप बस आ जाओ."

महानंदाचा चेहरा मी खालून बघत होतो, कारण मी तिच्या मांडीवर पडलो होतो. जे बघितलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. तो आवाज प्रणीतचा होता. पंधरा महिन्यांनी तिनं तो ऐकला होता. तिच्या तोंडावर आनंद पसरला, आणि तो आनंद लपवायला हवा हे कळूनही तिला तो लपवता येईना.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

पवित्रा तिच्याकडे बघत राहिली.

"एकदाच. पाया पडतो तुमच्या. पुन्हा लावा."

पवित्रानं पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. मग कोपऱ्यातून सत्यवती तेलुगूत काहीतरी ओरडली आणि पवित्रानं फोन बंद केला. "त्या म्हणतात, बाहेर जा," ती म्हणाली. "निरोप जानेवारीतला आहे. वंशी फेब्रुवारीत गेला."

म्हणजे शेवटच्या फोननंतरही चार महिने प्रणीत जिवंत होता. आणि त्या चार महिन्यांत त्यानं हे केलं होतं. त्याला मारून करवून घेतलं असेल, उपाशी ठेवून करवून घेतलं असेल. फळवालीनं मला स्पर्श केला होता, लोकांनी माझं कौतुक केलं होतं, त्या सगळ्याची मला शरम वाटली. माझं हसू बघून किती जणांनी सामान भरलं असेल, कोण जाणे.

अनकापल्ली स्टेशनच्या बाकावर दोघं बसले होते. दयानंदांनी पर्समधून मला काढलं आणि दोन्ही हातांनी फाडायला लागले. पण प्लास्टिक फाटेना. लेथवर लोखंड कापलेले ते हात, पण त्यांना मी फाटेना. मी फक्त दुमडलो. हीच ती गालावरची घडी. ते रडायला लागले. तिनं मला त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि गुडघ्यावर ठेवून तळव्यानं सपाट केलं.

"आपण परत जाऊया तिच्याकडं," ती म्हणाली.

"कशाला? आणखी काय ऐकायचंय?"

"तिला बेंगळुरूला नेऊया. एजंट आपल्याकडचा होता, तक्रार तिथंच लागणार. तिच्या फोनमध्ये पुरावा आहे आणि आपल्याकडं त्याचं खरं नाव."

दयानंद तिच्याकडे वळले. "आपल्याच पोराला आपण आरोपी करायचं?"

"हरवलेल्याला कोण शोधायलंय सांगा? सव्वा वर्ष झालं. आरोपी म्हटल्यावर तरी शोधतील." मग तिनं मला पर्समध्ये ठेवलं. "आणि तिचाही माणूस गेलाय, अहो. आपल्या पोरानं नेलाय. तेवढं तरी आपल्याला सांगायला पाहिजे."

गाडी आली आणि गेली. ते चढले नाहीत.

पवित्रा यायला तयार झाली, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. ती येलहंक्यातल्या त्या घरी पाच दिवस राहिली. महानंदानं तिला जेवायला वाढलं तेव्हा ती बराच वेळ ताटाकडे नुसती बघत बसली. शेवटी तिनं भात कालवला. दोघी एकमेकींशी फार बोलल्या नाहीत. कधीकधी महानंदा तिच्या फोनकडे बघायची आणि पवित्राला कळायचं. पहिल्या दिवशी पवित्रानं फोन उचलून आत नेला. चौथ्या दिवशी तिनं तो आवाज लावून फोन टेबलावर ठेवला आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभी राहिली.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घ्यायला अर्धा दिवस लागला. एजंट, त्याची दोन माणसं, आणि चौथा प्रणीत. महानंदानं मला टेबलावर ठेवलं. लिहिणाऱ्यानं मला कागदाला टाचलं आणि खाली लिहिलं, आरोपी क्रमांक चार, फरार. कागद सहीसाठी दयानंदांपुढे सरकवला. त्यांना वाचवेना. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. महानंदानं चष्मा लावून सगळा कागद ओळीनं वाचला.

"सर, नाव चुकलंय," ती कन्नडमध्ये म्हणाली. "प्रणव नाही. प्रणीत. प्रणीत दयानंद चौगुले."

"राहू दे अक्का, कळतंय."

"नको सर. बदला. नाव चुकलं तर सापडणार कसा?"

त्यानं खोडून पुन्हा लिहिलं. तिनं ते पुन्हा वाचलं आणि सही केली.

मित्रांनो, त्याला आता अकरा महिने झाले. सुरुवातीला ते दोघं दर पंधरा दिवसांनी यायचे. टेबलापलीकडून त्यांचा आवाज मला कपाटात ऐकू यायचा. "काही कळलं काय सर?" मग दयानंदांचा आवाज यायचा थांबला. त्यांच्या पायाला जखम झाली आहे आणि त्यांना जिने उतरवत नाहीत, असं महानंदा कोणाला तरी सांगत होती. गेल्या तीन महिन्यांत तिचाही आवाज आलेला नाही. पवित्रानं दोनदा फोन केला होता, असं लिहिणारे साहेब म्हणत होते. एजंट सापडला नाही. नदीपलीकडचं कोणीही सापडलं नाही. माझी फाईल कोणी उघडत नाही, आणि उघडेल असं आता मला वाटतही नाही.

मला कोणाला शिकवायचा अधिकार नाही. मी स्वतः काय केलं ते मी तुम्हाला सांगितलं आहे. तरी एक विनंती करतो. कधी रस्त्यात, स्टेशनवर, तुमच्या दारात कोणी थकलेलं माणूस तुमच्यासमोर फोटो धरेल. तुम्हाला घाई असेल. तरी तो फोटो हातात घ्या. नाही म्हणायच्या आधी तो पुरता बघा. बहुतेक तुम्हाला नाहीच म्हणावं लागेल. पण नाही कसं म्हटलं, हे त्या माणसाच्या लक्षात राहतं.

आणि हो, या फाईलमध्ये मी एकटा नाही. समोरच्या पानावर वंशीचा फोटो टाचला आहे. लग्नातला आहे, कपाळावर टिळा आहे. फाईल मिटली की आम्हा दोघांचे चेहरे एकमेकांना टेकतात. अकरा महिने आम्ही असेच आहोत. त्याला काय सांगावं ते मला सुचत नाही.